पिंजरा धुणारे रसायन

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्याला उंदराच्या दातांपेक्षा धुलाई जास्त झिजवते. उंदीर त्यात राहतो, भुसा उपसतो, पिल्ले वाढवतो आणि आठवड्या-पंधरवड्याने दुसऱ्या पिंजऱ्यात हलवला जातो. रिकामा पिंजरा धुलाईच्या खोलीत येतो. आधी ओला भुसा खरवडून काढायचा, मग डिटर्जंटच्या गरम पाण्याचा मारा, मग विसळणे आणि शेवटी बहुधा ८२ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्याचा फवारा. जंतुमुक्त प्राणी पाळायचे असतील तर त्यापुढे ऑटोक्लेव्हमधली १२१ अंशांची वाफ. प्रयोगप्राण्यांच्या निगराणीसाठी अमेरिकेत जी मार्गदर्शिका प्रमाण मानतात, तिची आठवी आवृत्ती २०११ ची आहे. बंद तळाचे पिंजरे दोन आठवड्यांतून निदान एकदा असे स्वच्छ करावेत, असे ती सांगते. एवढेच धरले तरी वर्षाला २६ फेऱ्या होतात, पाच वर्षांत १३०.

या फेऱ्यांत कोणते डिटर्जंट आणि कोणते जंतुनाशक वापरायचे, हा निर्णय बहुतेक ठिकाणी साफसफाईच्या सदरात मोडतो. कोणते औषध किती मात्रेत द्यायचे यावर शास्त्रज्ञ महिनोन्‌महिने खल करतात. पिंजरा कशाने धुतला जातो हे त्यांच्यापैकी किती जणांना सांगता येईल? पिंजरा टिकला की फुटला एवढाच प्रश्न असता, तर हे अज्ञान चालून गेले असते. पण पिंजरा फुटतो तो फार उशिरा. त्याच्या कितीतरी आधी त्याची भिंत रासायनिकदृष्ट्या सुटू लागते, आणि सुटलेले द्रव्य आत राहणाऱ्या प्राण्याच्या अंगात जाते. म्हणून पिंजऱ्याचा टिकाऊपणा हा प्रयोगाच्या विश्वासार्हतेचा प्रश्न आहे, आणि जंतुनाशकाची निवड हा प्रयोगाच्या आखणीचा भाग आहे. हे म्हणणे अतिशयोक्त वाटत असेल, तर क्लीव्हलँडच्या उंदरांची हकीकत पाहावी.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँड इथल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदराच्या माद्यांची स्त्रीबीजे तपासत होत्या. बाईचे वय वाढते तशी तिच्या स्त्रीबीजातली गुणसूत्रांची वाटणी अधिकाधिक का चुकते, हा त्यांचा विषय. गर्भपातांचे एक मोठे कारण ही चूक आहे, आणि डाउन सिंड्रोमही बहुतेक वेळा तिच्यातूनच येतो. अशा कामात एक गट असा ठेवावा लागतो, ज्याला काहीही केलेले नाही. बाकी सगळे त्याच्याशी ताडून पाहायचे. स्त्रीबीज विभागणीला आले की गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर ओळीने उभी राहतात. या नियंत्रण गटात एरवी शंभरातल्या एखाद-दुसऱ्या बीजात ती ओळ विस्कटलेली दिसे. त्या ऑगस्टमध्ये हे प्रमाण एकाएकी ४० टक्क्यांवर गेले, तेही ज्यांना काहीच केलेले नव्हते अशा उंदरांत.

शोधाशोध सुरू झाली, आणि माग शेवटी धुलाईच्या खोलीत पोहोचला. हंगामी कामावर आलेल्या एका कर्मचाऱ्याने पिंजऱ्यांच्या डिटर्जंटऐवजी फरशीसाठी असलेले तीव्र डिटर्जंट वापरले होते. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या पॉलिकार्बोनेटच्या होत्या. काचेसारख्या स्वच्छ दिसणाऱ्या या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग धुरकट झाला होता, बाटल्या गळू लागल्या होत्या. भिंतीतून बिस्फेनॉल-ए हे द्रव्य सुटत होते आणि ते इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते.

हंट यांनी इथे जे केले ते या सगळ्या हकिकतीतले सर्वांत मोलाचे आहे. खराब पिंजरे फेकून देऊन, उंदीर बदलून, मूळ प्रयोग पुढे रेटता आला असता. त्यांनी अपघात मुद्दाम पुन्हा घडवला. चांगले पिंजरे आणि बाटल्या त्याच डिटर्जंटने धुऊन थोड्या आणि जास्त खराब केल्या, त्यांत उंदीर ठेवले, बीजे तपासली. जितकी भिंत खराब, तितकी गुणसूत्रांची ओळ जास्त विस्कटलेली. मग धड पिंजऱ्यांतल्या उंदरांना थेट बिस्फेनॉल-ए पाजून पाहिले, तोच परिणाम मिळाला. हा निबंध ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला तो २००३ मध्ये. मधली जवळजवळ पाच वर्षे त्या एका चुकीच्या डब्याचा अर्थ लावण्यात गेली.

त्या कर्मचाऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे आणि निरुपयोगीही. चुकीचा डबा हाताला लागू शकतो अशी मांडणी होती. लागल्यावर ते कोणाच्याही लक्षात येणार नाही अशी व्यवस्था होती. आणि लक्षात आले तरी त्याचे गांभीर्य कळेल एवढी माहिती त्या खोलीत कोणी पोहोचवलेली नव्हती. पिंजरा धुणाऱ्या माणसाला प्रयोगाचा भागीदार न मानण्याची ती किंमत होती.

ही माहिती जगात नव्हती असेही नाही. बिस्फेनॉल-ए हे द्रव्य १८९१ मध्ये अलेक्सांद्र दियानिन यांनी प्रथम तयार केले. ते इस्ट्रोजेनसारखे वागते हे इंग्लंडमधले चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते. पॉलिकार्बोनेट १९५३ चे. जर्मनीत बायर कंपनीतले हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स या दोघांनी ते स्वतंत्रपणे शोधले. बिस्फेनॉल-एचे रेणू कार्बोनेटच्या दुव्यांनी एकमेकांना जोडले की पॉलिकार्बोनेट होते. या दुव्यांचे वैर अल्कलीशी आहे. अल्कली आणि उष्णता एकत्र आली की दुवा तुटतो आणि मूळ बिस्फेनॉल-ए मोकळा होतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने यात काहीही गूढ नाही.

इशारेही मिळाले होते. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात अ‍ॅना सोटो आणि कार्लोस सॉननशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. इस्ट्रोजेन घातल्याशिवाय वाढू नयेत अशा त्या पेशी काहीही न घालता वाढू लागल्या. दोषी निघाल्या पॉलिस्टायरीनच्या नळ्या. त्यांतून नॉनिलफिनॉल झिरपत होते, हे त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. दोनच वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये यीस्टवर काम करणाऱ्या गटाला असेच एक अनाहूत इस्ट्रोजेन सापडले. ते पॉलिकार्बोनेटच्या चंबूंतून, ऑटोक्लेव्हच्या उष्णतेने पाण्यात उतरलेले बिस्फेनॉल-ए होते. नळी आणि चंबू यांच्या बाबतीत जे कळले होते ते पिंजऱ्यापर्यंत पोहोचायला क्लीव्हलँड घडावे लागले. नळी शास्त्रज्ञाच्या टेबलावर असते, पिंजरा तळघरातल्या धुलाईच्या खोलीत जातो, हेच त्याचे कारण असावे.

२००३ मध्येच मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले, की बराच वापर झालेल्या पॉलिकार्बोनेटच्या पिंजऱ्यांत साधे पाणी साध्या तापमानाला ठेवले तरी त्यात बिस्फेनॉल-ए उतरते. म्हणजे क्लीव्हलँडसारखा अपघात व्हायलाच हवा असे नाही. रोजची, नियमाप्रमाणे चाललेली झीजही पुरते, फक्त तिचा वेग कमी असतो. अपघात निदान डोळ्यांना दिसतो. हळूहळू होणारी झीज नियंत्रण गट आणि प्रयोग गट या दोघांनाही सारखीच खालून उचलते आणि मधला फरक पुसट करत जाते. अशा वेळी शास्त्रज्ञाला ‘परिणाम आढळला नाही’ असे उत्तर मिळते, आणि ते खरे आहे की पिंजऱ्याचे आहे हे शोधायला त्याच्याकडे काहीच साधन उरत नाही.

यावर अनेकांना सुचलेला उपाय म्हणजे अधिक चिवट प्लॅस्टिक. पॉलिसल्फोन जास्त उष्णता सोसते, अल्कलीला पॉलिकार्बोनेटपेक्षा खूपच कमी दाद देते. हंट २००५ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात, पुलमन इथे गेल्या. तिथल्या उंदरांचे पिंजरे पॉलिसल्फोनचे होते. काही वर्षांनी पुन्हा नियंत्रण गटाची आकडेवारी हलली. पुन्हा पिंजरे तपासले, तर काहींच्या भिंतींवर पांढुरके डाग होते. त्यांतून बिस्फेनॉल-एस आणि डायफिनिल सल्फोन ही द्रव्ये सुटत होती. २०१८ च्या निबंधात हंट यांच्या गटाने दाखवले, की बिस्फेनॉल-एऐवजी वापरात आणलेली बिस्फेनॉल कुळातली ही भावंडेही उंदरांतल्या बीजनिर्मितीत ढवळाढवळ करतात आणि नरांमध्ये तो परिणाम पुढच्या पिढ्यांतही रेंगाळतो. वीस वर्षांत एकाच शास्त्रज्ञाला दोनदा, दोन निरनिराळ्या प्लॅस्टिकांनी, दोन शहरांत गाठले. याला योगायोग म्हणणे अवघड आहे. हंट यांचे मोजमाप इतके नाजूक होते, की पिंजऱ्याचा आवाज त्यांना ऐकू आला. ज्यांचे मोजमाप तेवढे नाजूक नाही त्यांच्याकडेही पिंजरे त्याच प्रकारचे आहेत.

आतापर्यंतची गोष्ट रसायनाने भिंत सोडवण्याची झाली. कधीकधी भिंत शाबूत राहते आणि रसायनच प्राण्याला गाठते. जमीन, मांडण्या, पिंजऱ्याची झाकणे पुसायला सर्वाधिक चालणारी जंतुनाशके चतुर्थक अमोनियम वर्गातली आहेत. बेंझाल्कोनियम क्लोराइड हे त्यांतले ओळखीचे नाव. त्यांना उग्र वास नाही, हात भाजत नाहीत, पोलाद गंजत नाही, किंमत परवडते. पिंजऱ्याच्या टिकाऊपणाकडेच पाहिले तर धातूसाठी यांच्याइतके सौम्य दुसरे फारसे काही नाही. पण २००८ मध्ये ‘नेचर’मध्ये हंट यांनी सांगितले, की त्यांच्या वसाहतीतले प्रजनन मंदावले तेव्हा संशय या वर्गातल्या जंतुनाशकावर गेला. तिकडे व्हर्जिनियात टेरी हरुबेक यांनाही प्राणीगृहातले जंतुनाशक बदलल्यानंतर उंदरांची पिल्ले कमी होऊ लागल्याचे जाणवले. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये, ही रसायने उंदरांच्या प्रजननक्षमतेला बाधतात असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये त्यांनी गर्भाच्या चेतानलिकेतल्या दोषांविषयी लिहिले, आणि तिथे नुसत्या परिसरातल्या वापरातून झालेल्या संपर्काचाही परिणाम दिसला होता.

जे जंतुनाशक पोलादाला मानवते ते उंदराच्या गर्भाला मानवेलच असे नाही. प्राणीगृहाच्या बैठकीत या दोन गोष्टी एकाच वेळी बोलल्या जात नाहीत, ही खरी अडचण आहे. टिकाऊपणाचा विचार एक जण करतो, जंतूंचा दुसरा, प्राण्याचा तिसरा.

मग जंतुनाशक कमी वापरावे का? इतके सरळ उत्तर इथे नाही, आणि दुसरी बाजू खरोखर वजनदार आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मेरीलँडमधल्या फ्रेडरिक इथल्या अमेरिकी राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या केंद्रात, काहीही औषध न दिलेल्या उंदरांना यकृताचा दाह आणि यकृताच्या गाठी होताना दिसल्या. कारण एक तोवर अज्ञात जीवाणू निघाला, त्याला पुढे हेलिकोबॅक्टर हेपॅटिकस हे नाव मिळाले. म्हणजे पुन्हा नियंत्रण गटच बिघडला होता, या वेळी रसायनाने नव्हे तर जंतूने. १९९५ मध्ये बेथेस्डाच्या नौदल वैद्यकीय संशोधन संस्थेत उंदरांच्या देवीची, म्हणजे एक्ट्रोमेलियाची साथ आली. विषाणू बाजारातून घेतलेल्या उंदराच्या रक्तद्रवातून आत शिरला होता. अशी साथ वसाहतीत घुसली की शेकडो प्राणी मारावे लागतात, वर्षानुवर्षांचे काम वाया जाते. उंदरांचा पार्व्होव्हायरस त्याहून चिवट. त्याला बाहेरचे स्निग्ध आवरण नसल्याने चतुर्थक अमोनियमवाली रसायने त्याच्यापुढे फिकी पडतात. तिथे हायपोक्लोराइट, पेरॲसेटिक आम्ल, हायड्रोजन पेरॉक्साइड असे ऑक्सिडीकारकच लागतात. आणि सूत्रकृमींची अंडी तर बहुतेक रसायनांना जुमानत नाहीत. त्यांना उष्णता हेच औषध.

या दोन प्रकारच्या हकिकती शेजारी ठेवल्या की भांडणाचे स्वरूप बदलते. स्वच्छता कमी पडली तरी नियंत्रण गट बिघडतो, स्वच्छता चुकीच्या रसायनाने झाली तरीही बिघडतो. ‘जास्त कडक म्हणजे जास्त सुरक्षित’ हे समीकरण दोन्हीकडून खोटे ठरते. प्रश्न असा विचारायला हवा: कोणत्या जंतूसाठी, कोणत्या पृष्ठभागावर, कोणता प्राणी आत असताना, कोणते रसायन, किती वेळ आणि नंतर किती पाण्याने विसळून?

हा प्रश्न स्टेनलेस स्टीलला लावून पाहावा. झाकणाच्या जाळ्या, मांडण्या, सशांचे पिंजरे यांच्यासाठी पोलाद हे सर्वांत टिकाऊ समजले जाते. ३०४ प्रतीच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर त्याला गंजापासून वाचवतो. ब्लीचमधले क्लोराइड नेमके त्याच थराला भोके पाडते. पाच-दहा मिनिटे लावून धुतले तर फारसे बिघडत नाही. संध्याकाळी फवारून रात्रभर वाळू दिले, सकाळी पुसले, की काही महिन्यांत जाळीच्या जोडांवर तपकिरी ठिपके येतात. बोट फिरवले की ते खरखरीत लागतात. त्या सूक्ष्म खळग्यांत मूत्राचा क्षार आणि सेंद्रिय मळ जाऊन बसतो, त्याखाली जंतू सुखरूप राहतात. आणि मळ असला की हायपोक्लोराइट स्वतःच निकामी होते. म्हणजे जंतू मारायला वापरलेल्या रसायनाने जंतूंना लपायला जागा करून दिली. मग मात्रा वाढवायची, मग खळगे आणखी खोल. ३१६ प्रतीच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ते या खड्ड्यांना अधिक तोंड देते. पण ते महाग पडते, आणि रात्रभर वाळणाऱ्या ब्लीचपुढे तेही कायमचे टिकत नाही. घरच्या न्हाणीघरात अ‍ॅसिडने फरशी चकचकीत करताना शेजारच्या नळाची चकाकी कशी जाते हे पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही.

सशांच्या पिंजऱ्यांत गुंता आणखी आहे. ससा जास्तीचे कॅल्शियम मूत्रातून टाकतो. त्याचा पांढरा, दगडासारखा थर तळाच्या ताटावर बसतो. अल्कलीचे डिटर्जंट त्याला हात लावू शकत नाही, आम्ल लागते. सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाने पोलाद सांभाळून तो निघतो. स्वस्तात मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल त्याच पोलादाला खाते. आणि आम्ल नीट न धुता त्यावर हायपोक्लोराइट पडले तर क्लोरीन वायू सुटतो, तो आधी धुणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात जातो. दख्खनच्या पठारावर बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड आहे. ते वाळले की क्षार मागे राहतो. म्हणून महाराष्ट्रातल्या प्राणीगृहात आम्लाची गरज वाढते, आणि पाण्याचा तोच जडपणा चतुर्थक अमोनियमची ताकदही कमी करतो. दुसऱ्या देशातल्या उत्पादकाच्या पत्रकावरचे प्रमाण इथे जसेच्या तसे उतरवून चालत नाही, ते याचसाठी.

प्लॅस्टिकमध्ये अशा किती गोष्टी दडलेल्या असतात! पॉलिकार्बोनेट साच्यातून काढताना त्याच्या कोपऱ्यांत ताण अडकून राहतो. फिनॉलवर्गी जंतुनाशक त्या ताणलेल्या जागी पोहोचले की केसासारख्या बारीक भेगा पडतात. पिंजरा उजेडासमोर तिरपा धरला तरच त्या दिसतात. अ‍ॅक्रिलिकचे पारदर्शक कक्ष सत्तर टक्के अल्कोहोलने वारंवार पुसले की तेच होते. बॉयलरच्या नळ्या गंजू नयेत म्हणून पाण्यात काही अमाइन द्रव्ये घालतात. वाफेबरोबर ती ऑटोक्लेव्हमध्ये येतात आणि पॉलिकार्बोनेटवर हल्ला करतात. इथे तर दोषी रसायन प्राणीगृहाने विकतही घेतलेले नसते, ते इमारतीच्या देखभाल विभागाने घेतलेले असते. आणि सगळ्यांत साधी, सगळ्यांत जास्त घडणारी गोष्ट म्हणजे घाईत विसळणे. डिटर्जंटचा पातळ थर भिंतीवर राहिला, पिंजरा तसाच १२१ अंशांच्या वाफेत गेला, की क्लीव्हलँडची छोटी आवृत्ती तिथल्या तिथे तयार होते. पॉलिप्रोपिलीन अल्कलीला आणि आम्लाला चांगले पुरून उरते, त्यात बिस्फेनॉल नसते, किमतीलाही हलके. पण ते दुधी असते. आतला उंदीर निपचित पडला आहे की झोपला आहे हे पिंजरा ओढून काढल्याशिवाय कळत नाही, आणि पिंजरा सारखा ओढणे हाही उंदराला त्रासच. पाण्याच्या बाटलीपुरते मात्र काच परत आणणे अनेक ठिकाणी सहज शक्य आहे. ती जड आहे, फुटते, धुणाऱ्याच्या मनगटाला भार पडतो. तरीही संप्रेरकांवर, प्रजननावर काम करणाऱ्यांनी हा भार स्वीकारायला हवा.

पैशाचा मुद्दा टाळता येत नाही. सरकारी खरेदीत पिंजरे उपकरण म्हणून येतात आणि जंतुनाशक किरकोळ सामान म्हणून, दोन्हींच्या फाइली वेगळ्या. सर्वांत कमी दर देणाऱ्याला पुरवठा देण्याच्या पद्धतीत दर तिमाहीला रसायन बदलू शकते, आणि नाव सारखेच ‘डिटर्जंट’ असल्याने तो बदल कोणाला जाणवतही नाही. स्वस्त रसायनाने पिंजऱ्याचे आयुष्य अर्धे झाले, तर वाचलेले पैसे एका फाइलीत दिसतात आणि गेलेले दुसऱ्या फाइलीत. प्रयोग बिघडला, तर तो खर्च कोणत्याच फाइलीत दिसत नाही. बिघडलेल्या प्रयोगात मेलेल्या प्राण्यांची नोंद तर ‘वापरले’ अशीच होते. याचा राग यायला हवा. प्राण्याचा जीव घ्यायचा तर त्यातून निदान खरे ज्ञान मिळावे, एवढीच या साऱ्या व्यवहाराची नैतिक बैठक आहे. झिजलेला पिंजरा तीच काढून घेतो.

भारतात प्राण्यांवरील प्रयोगांची देखरेख १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली केंद्रीय समिती करते, आणि प्रत्येक संस्थेत तिच्या नियमांनुसार नैतिकता समिती असते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, खारघरचे अ‍ॅक्ट्रेक, परळची हाफकिन अशा सगळ्यांच्या प्राणीगृहांना ही चौकट लागू आहे. प्रयोगाचा प्रस्ताव आला की समिती प्राण्यांची संख्या विचारते, वेदनाशामक विचारते, मारण्याची पद्धत विचारते. ते अगदी योग्य. त्याच कागदावर पिंजऱ्याचे प्लॅस्टिक कोणते, तो किती वर्षांचा, कशाने धुतला जातो, हे तीन रकाने वाढवायला कायद्याची दुरुस्ती लागत नाही. फॉर्मॅलिन आणि पोटॅशियम परमँगनेटची धुरी देण्याची जुनी सवय काही ठिकाणी अजून टिकून आहे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅलिनमधले फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग करते असे वर्गीकरण केल्यावर तरी, त्या खोलीत रोज काम करणाऱ्यांचा विचार याच रकान्यांत व्हायला हवा.

निबंध छापण्याच्या टप्प्यावर तर गाळणी आणखी ढिली आहे. प्राण्यांवरील संशोधन कसे नोंदवावे यासाठी ब्रिटनमधून निघालेली ‘अराइव्ह’ ही मार्गदर्शक तत्त्वे २०१० मध्ये आली, २०२० मध्ये सुधारली. सुधारित आवृत्तीत दहा बाबी अत्यावश्यक ठरवल्या आणि उरलेल्या शिफारशीच्या यादीत गेल्या. प्राण्यांचे निवासस्थान आणि निगराणी ही बाब या दुसऱ्या यादीत आहे. संपादकांचे ओझे कमी व्हावे म्हणून हे केले, हे समजण्यासारखे आहे. पण नमुन्यांची संख्या अत्यावश्यक आणि ते नमुने ज्या भिंतीत राहिले ती ऐच्छिक, ही विभागणी हंट यांचे दोन्ही निबंध वाचल्यावर पटत नाही. अंतःस्रावी ग्रंथी, प्रजनन, गर्भवाढ, चयापचय एवढ्या विषयांपुरती तरी ही बाब वरच्या यादीत यायला हवी. त्यात लिहायचे काय? पिंजरा व बाटलीचे द्रव्य, वापराचा काळ, धुलाईचे रसायन, जंतुनाशकाचा वर्ग, ऑटोक्लेव्ह होतो की नाही. हे पाच-सहा शब्दसमूह पद्धतीच्या परिच्छेदात एका ओळीत मावतात.

एकदाच वापरून टाकायचे पिंजरे हा यावरचा सर्वांगीण उपाय असल्याचे काही जण सांगतात. धुलाई नाही, तर झीजही नाही. काही संसर्गजन्य रोगांच्या कामात ते खरोखर सोयीचे आहेत. पण हजारो पिंजऱ्यांच्या वसाहतीत दर पंधरवड्याला तेवढे प्लॅस्टिक टाकून देणे पर्यावरणाला आणि खिशाला सोसणारे नाही. शिवाय नवे प्लॅस्टिक म्हणजे निर्दोष प्लॅस्टिक, हे पॉलिसल्फोनच्या अनुभवानंतर तपासल्याशिवाय मानता येत नाही. जास्त खात्रीचा मार्ग कंटाळवाणा आहे. प्रत्येक पिंजऱ्यावर वापर सुरू झाल्याचे साल कोरायचे, फेऱ्यांची नोंद ठेवायची. फरशीचे आणि पिंजऱ्यांचे डबे वेगळ्या खोलीत, वेगळ्या रंगात ठेवायचे. विसळल्यावरच्या शेवटच्या पाण्याचा सामू दर आठवड्याला कागदाच्या पट्टीने पाहायचा. अल्कली उरली असेल तर ती लगेच दिसते, आणि पट्टीला काही रुपये पडतात. धुरकट झालेला, चिकट लागणारा, कोपऱ्यात भेगाळलेला पिंजरा बाजूला काढण्याचा अधिकार मात्र धुणाऱ्या माणसाला द्यायचा, आणि तो त्याने वापरला तर प्रमुख संशोधकाने त्याच दिवशी येऊन तो पिंजरा स्वतः पाहायचा.